कौसल्या नावाची शिवी

आमच्या शेजारच्या लक्ष्मीकाकूंना जन्मात एकच शिवी येत होती, आणि ती म्हणजे कौसल्या.

कुणी दूध उतू घालवलं की कौसल्या. कुणी सदऱ्याची बटणं वरखाली लावली की कौसल्या. रेशनचा माणूस मापात मारायला लागला की काकू रांगेतल्या बायकांना सांगायच्या, "पक्की कौसल्या हाय तो, काट्यावरून नजर हलवू नका." यात बाई-पुरुष असा भेद नव्हता, आणि माणूसच पाहिजे असंही नव्हतं. पाणी आलं नाही तर नळ कौसल्या, खरखरला तर रेडिओ कौसल्या. वर त्यातही प्रतवारी होती. थोडं चुकलं तर "जराशी कौसल्याच हायेस," जास्त चुकलं तर "पुरी कौसल्या," आणि अगदीच वाटोळं झालं तर कपाळाला हात लावून नुसतं, "कौसल्ये, कौसल्ये!"

मी खुलताबादची. लग्न होऊन शहागंजच्या मागच्या या गल्लीत आले तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणायचे. आता पाट्या बदलल्यात, गल्ली तीच आहे. काकूंचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, आणि तीही नावाला. पहिले काही दिवस मला वाटलं, कौसल्या म्हणजे त्यांची भांडीवाली असणार. बिचारी सकाळपासून किती बोलणी खाते, आणि उलटून एक शब्द बोलत नाही! मला तिची एवढी दया आली की एकदा पोळी-भाजी घेऊन मी मागच्या दारी गेले. काकू एकट्याच बसल्या होत्या, आणि समोर वात न चढणारा कंदील होता.

"कौसल्या कुठाय?" मी विचारलं.

"ही काय," काकूंनी कंदील दाखवला. "आणि हातात काय आणलंस? ठेव इथं, कामून उभी ऱ्हायलीस?"

तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. मी तोंडाची फटकळ आणि त्या माझ्याहून चार पावलं पुढं.

शिवी हळूहळू गल्लीभर झाली. स्टो दुरुस्त करणारे करीमभाई तर दारातून ओरडायचे, "काकी, आज कौन कौसल्या हुआ?" आणि काकू आतून स्टो आणून त्यांच्यापुढं आदळायच्या. पण ही मूळ कौसल्या कोण, ते कुणालाच मालूम नव्हतं. काकूंची थोरली लेक वीणा म्हणायची, आजीच्या वेळची स्वैपाकीण असेल, कारण आजीच्याच तोंडी ही शिवी आधी होती. धाकटा सुधाकर म्हणायचा, पैठणची कुणीतरी शेजारीण. मी सरळ काकूंनाच विचारलं.

"होती एक," त्या म्हणाल्या. "लई वेंधळी होती."

तिथं विष्णुकाका, म्हणजे काकूंचे यजमान, पेपर वाचत होते. तहसिलीतून निवृत्त झालेला, अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्यांनी पेपराची घडी घातली आणि मोगऱ्याला पाणी घालायला निघून गेले. मोगऱ्याला पाणी सकाळीच घालून झालं होतं, पण तेव्हा मी त्यावर काही विचार केला नाही.

काकूंना माहेर नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत वडील गेले, भाऊ सोलापूरकडं गेला तो परतलाच नाही, आणि ॲक्शननंतर मामानं घाईघाईनं त्यांचं लग्न उरकून टाकलं. मामाही पुढं लवकरच गेला. दिवाळीला, राखीला कुणी येणारं नाही, पत्र नाही. त्या स्वतः माहेराविषयी चकार शब्द काढायच्या नाहीत, म्हणून मुलांनीही कधी विचारलं नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एके दिवशी सुधाकर तोंड पाडून आमच्या ओट्यावर येऊन बसला. तो शाळेत मास्तर होता. त्याच शाळेत बिडकीनहून एस.टी.नं येणारी एक मास्तरीण त्याच्या मनात भरली होती, हे मला ठाऊक होतं.

"वहिनी, एक घोटाळा हाय."

"पत्रिका जुळत नाही?"

"जुळते."

"घरचे नाही म्हणतात?"

"सगळे हो म्हणतात."

"मग काय बिनसलं?"

"नाव," तो म्हणाला. मग भिंतीकडं बघून अगदी हळू म्हणाला, "कौसल्या."

मी पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. "तिला सांगितलंस का?"

"काय सांगू? आमच्या घरी बिघडलेल्या स्टोला तुझं नाव ठेवलंय म्हणून?" पोरगं रडकुंडीला आलं होतं. "आईला पण नाही सांगितलं. नाव विचारलं तर म्हटलं, नाव काय, लग्नात बदलायचंच असतं."

बदलायचंच असतं, हे खरं होतं. आमच्याकडं नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्या तांदळात तिचं नवं नाव लिहितो, सगळ्यांना गोड वाटतात, आणि माहेरचं नाव माहेरी राहतं. माझंही बदललं. पहिलं काय होतं ते मी इथं सांगणार नाही, उगाच आमच्या घरात चर्चा नको.

मुलगी बघायला बिडकीनला गेलो तेव्हा काकूंनी मलाही नेलं. मुलीचे वडील शेती बघणारे, साधे, पांढरंशुभ्र धोतर नेसून बसलेले. पोहे आले. सुधाकर आधीच गडबडलेला. बशी घेताना त्याचा हात तांब्याला लागला, आणि तांब्याभर पाणी सासऱ्याच्या धोतरावर!

काकूंचं तोंड कोण धरणार?

"झाली का कौसल्या!" त्या कडाडल्या. "अरे, बाहेर तरी कौसल्येसारखं करू नको!"

"जी?" आतून आवाज आला, आणि एक सावळी, तरतरीत मुलगी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "मला बोलावलं?"

माझ्या घशात पोहे अडकले. सुधाकरनं डोळे मिटून घेतले. मुलीचे वडील धोतर पिळत म्हणाले, "हीच आमची कौसल्या. तुमाला नाव आधीच ठावं दिसतंय."

काकू त्या मुलीकडं नुसत्या बघत राहिल्या, एवढा वेळ की मीच त्यांना कोपरानं ढोसलं.

"कुणी ठेवलं नाव?" त्यांनी विचारलं.

"आजीचं हाय. आजीनंच वाढवलं मला."

"आवडतं तुला?"

मुलगी गोंधळली. "माझंच हाय ना काकू," ती म्हणाली.

परतताना एस.टी.त काकू खिडकीबाहेर बघत बसल्या. लग्न मोडणार असं आम्ही समजून चाललो होतो. घरी आल्यावर चपला काढता काढता त्या एवढंच म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. मुहूर्त बघा."

पण त्या दिवसापासून काकूंची शिवी बंद झाली. भिंतीपलीकडं भांडी पडत, दूध उतू जाई, विष्णुकाका भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगत, आणि काकू गप्प. घर कसं आजारी असल्यासारखं वाटायला लागलं. करीमभाईंनी दारातून नेहमीचा पुकारा केला, तर काकू म्हणाल्या, "कौसल्या नाय हो करीमभाई, नुसता बिघडलाय." करीमभाई स्टो बगलेत मारून थेट माझ्याकडं आले. "भाभी, काकी की तबियत तो ठीक है ना?"

घरात सगळ्यांनी अर्थ काढला की काकूंना हे नाव डोळ्यांसमोर नको झालंय. वीणा लग्नासाठी आली ती नाव ठरवूनच आली. "स्वाती. सुधाकर-स्वाती. दारावरच्या पाटीवर कसं छान दिसेल! आईला रोज त्या नावानं हाक मारायला कसं जमणार?" तिकडं मुलीनं सुधाकरला स्पष्ट सांगितलं होतं, "संसार करीन, सगळं करीन. पण आजीचं नाव टाकणार नाही. ताटात दुसरं नाव लिहिलंस तर त्याच पावली बिडकीनला जाईन." आणि आमचा हा शूरवीर बहिणीलाही हो म्हणून बसला होता आणि तिलाही. खरी कौसल्या कोण ते मला तेव्हा कळलं.

लग्न लागलं. वरात गल्लीत आली, नवरीनं माप ओलांडलं. ओसरीवर लक्ष्मीपूजनाची तयारी, ताटात तांदूळ पसरलेले, बाजूला गुलमंडीवरून आणलेल्या इमरतीच्या पाट्या. नवरीनं खाली बघितलंच नाही. ती सरळ सुधाकरच्या हाताकडं बघत होती. माहेरहून आणलेलं गाठोडं तिनं अजून हातातून ठेवलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. सुधाकरची अंगठी तांदळाच्या वरच अडली होती.

"लिही ना, स्वाती," वीणा म्हणाली.

सुधाकरनं आईकडं बघितलं.

"कौसल्या लिही," काकू म्हणाल्या.

"आई, अगं काय बोलायलीस?" वीणा ओरडली. "सगळी गल्ली ज्याची शिवी करते, ते नाव या घरात आणायचं?"

"या घरात ते मीच आणलंय," काकू म्हणाल्या. "माझं नाव हाय ते. माझ्या वडलांनी ठेवलेलं."

वीणा आईकडं बघतच राहिली. स्वतःच्या आईचं नाव ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होती.

विष्णुकाका खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "असंच ताट होतं. मी विष्णू म्हणून हिचं नाव लक्ष्मी ठरलं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी हिला विचारलं नाही. लिहून टाकलं." एवढं मोठं भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग ते सुधाकरवर खेकसले, "लिही की! बघत काय बसलास?"

सुधाकरनं लिहिलं. 'ल्य' जरा वाकडा झाला, पण वाचता येत होता. नवरीनं गाठोडं खाली ठेवलं आणि वाकून काकूंच्या पायांवर डोकं टेकवलं. ती बराच वेळ उठली नाही. मी रडले, मला लाज नाही सांगायला.

पाहुणे पांगल्यावर मी आणि काकू आत उरलेल्या इमरत्या डब्यात भरत होतो. मी विचारल्याशिवाय राहणार थोडीच?

"काकू, स्वतःच्या नावानं जन्मभर शिव्या दिल्यात?"

"मी कुठं सुरू केल्या? नवी होते तेव्हा भाकरी करपली, तेल सांडलं की सासूबाई म्हणायच्या, कौसल्या अजून गेली नाय वाटतं तुझ्यातली. मग दीरही म्हणायला लागले. मग सगळेच." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "सासूबाई गेल्या तेव्हा म्हटलं, सुटले. मी तर कामून म्हणू? मग दिवस सरायला लागले तसं ध्यानात आलं, की घरात ते नाव निघायचं बंदच झालं. माहेरी कोण उरलं नाय हाक मारायला. मी पण नाय म्हटलं तर ती पोरगी मेलीच की. मग म्हटलं, शिवी तर शिवी. नाव तर कानावर पडतंय."

मी डबा फळीवर ठेवला आणि म्हटलं, "आता मग शिवीचं काय करणार?"

काकूंनी विचार केला. "लक्ष्मी रिकामी हाय की."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "हा नळ आज पुरा लक्ष्मी झालाय!" मी म्हटलं, काकू, देवीचं नाव, पाप लागेल. त्या म्हणाल्या, "देवीला कोण बोलायलंय? मी मला बोलायले." करीमभाईंनी मात्र कानाला हात लावला. "ना काकी, ये मैं नै बोलता. मेरे कू कौसल्याच चलता." काकूंनी त्यांना सांगितलं, कौसल्या म्हणायचं असेल तर स्टोला नाही, सुनेला म्हणा, आणि तेही नीट म्हणा.

सुनेला त्या स्वतः सारख्या हाका मारायच्या. सून एकदा मला म्हणाली, "वहिनी, आई सकाळपासून कौसल्या, कौसल्या करतात. जाऊन उभी ऱ्हायले की म्हणतात, काही नाय, जा." तिला वाईट वाटत नव्हतं. ती प्रत्येक वेळी "जी" म्हणून जायची.

एकदा दुपारी सुधाकर आणि ती दोघंही शाळेत गेलेली. मी ओट्यावर गहू निवडत होते. पलीकडं विष्णुकाका आणि काकू दोघंच. आमच्या पिढीआधीच्या या माणसांनी बायकोला कधी नावानं हाक मारलेली नाही. "अगं ए" आणि "ऐकलं का" यावर त्यांचा सगळा संसार झालेला.

"कौसल्या," विष्णुकाकांचा आवाज आला. घसा खाकरून त्यांनी परत म्हटलं, "कौसल्या, चहा टाकतेस का?"

सून घरात नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

माझा हात सुपातच थांबला. मग अगदी लहान पोरीनं द्यावी तशी ओ आली.

"ओ. आले."