सुखी कुटुंबाची सीडी

आनंदराव आणि सगुणाबाई या नवराबायकोचं बोलणं बंद होऊन त्या रविवारी बरोबर पंधरा दिवस झाले होते, आणि नेमके त्याच दिवशी मार्गासनीचे पाहुणे घर बघायला येणार होते.

पंधरा दिवस घरचा सगळा कारभार प्रेरणाच्या तोंडून चालला होता. आप्पा म्हणायचे, "प्रेरणा, तुझ्या आईला सांग, टॉवेल दे म्हणावं." आई तिथंच उभी असायची. ती म्हणायची, "प्रेरणा, तुझ्या आप्पास्नी सांग, टावेल दोरीवर हाय. डोळं असलं तर दिसंल." बिचारी पोरगी दोघांच्या मधे उभी राहून मान इकडून तिकडं वळवायची. तिची मान दुखायला लागली होती.

भांडण तांब्याच्या घंगाळावरून. सगुणाबाईंच्या आईनं ते लग्नात दिलेलं. पाहुण्यांपुढं घर कसं टापटीप दिसलं पाहिजे म्हणून आनंदरावांनी ते बायकोला न विचारता मोडीत घातलं आणि काचेचे सहा कप आणले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चहात मीठ निघालं. तेव्हापासून ते नसरापूरच्या स्टँडवर शफीच्या दुकानी बसून चहा पीत होते.

प्रेरणाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. मुलगा, बंडू, तिला मनापासून आवडला होता. कापूरहोळला त्याचं गॅरेज होतं. पोह्यांच्या वेळी सगळ्यांनी तिलाच प्रश्न विचारले, आणि हा म्हणाला, "तुमाला बी काय इचारायचं आसंल की." असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. आता राहिली होती फक्त त्याच्या आईची पसंती. आणि ही बाळाबाई म्हणजे अवघड प्रकरण. आधीच्या दोन घरांतून ती चहाला हात न लावता उठली होती. चहा न पिता उठणं म्हणजे नकार, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं.

आनंदराव हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी यावरही तोड काढली होती. सगळं कुटुंब एकत्र बसून इंग्रजी सिनेमा बघतंय, असं दृश्य पाहुण्यांना दिसलं पाहिजे! चहाबरोबर शफी सीडीही भाड्यानं द्यायचा. त्यानं एक सीडी काढून दिली. कव्हरवर टाय बांधलेला नवरा, फुलाफुलांच्या झग्यातली बायको, दोन गोरीगोमटी पोरं, कुत्रा आणि मागं हिरवंगार गवत.

"ह्याच्यावानी फ्यामिली पिक्चर आक्ख्या नसरापुरात न्हाई, भाऊसाहेब," शफी म्हणाला. "म्या सोता बघितलं न्हाई, पन कव्हर बघा की. कुनाचं तोंड वाकडं दिसतंय का?"

दुपारी अडीचला पाहुणे आले. बाळाबाई, तिचे यजमान गेनूअण्णा आणि मधे बंडू. सिनेमा सुरू झाला. पहिली दहा मिनिटं काय सुख ते! नवरा बायकोचा पापा घेऊन कामाला जातो, पोरं ताटातलं सगळं संपवतात, कुत्रासुद्धा पाय पुसून घरात येतो.

"हे बघा संस्कार," आनंदराव म्हणाले. "मी तुम्हाला अर्थ सांगत जातो."

तेवढ्यात सिनेमातला शेजारी कुत्र्याची तक्रार घेऊन आला. बाईनं हसत त्याला केक दिला. दोन घास खाऊन तो बशीतच तोंड घालून पडला.

"ह्येला काय झालं?" बाळाबाईनं विचारलं.

"झोप लागली. दमला असेल."

नवऱ्यानं हसत शेजाऱ्याचे पाय धरले, बायकोनं हात. पोरं फावडी घेऊन पळाली.

"आता कुठं नेत्यात?"

"बागेत. मोकळ्या हवेत."

"आन् ह्यो खड्डा?"

"वृक्षारोपण," आनंदरावांनी घाम पुसला.

"शेजाऱ्यासकट?"

बारावीपर्यंत शिकलेल्या प्रेरणाला सगळं कळत होतं. ती बाई माती लोटता लोटता नवऱ्याला म्हणत होती, आपल्या सुखी घराला नाव ठेवणारा गल्लीत एकही उरता कामा नये. प्रेरणानं घाईघाईनं टीव्हीकडे हात नेला, तर बाळाबाई ओरडली, "ऱ्हाऊ दे गं! फुडं कुनाचा नंबर ते बघू."

पुढचा नंबर पोस्टमनचा होता. बाईनं त्याच्या चहात पांढऱ्या पुडीतलं काहीतरी ढवळलं, कप पुढं केला आणि गोड हसली. आणि देवा रे, नेमक्या त्याच क्षणी सगुणाबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. फुलाफुलांचं पातळ नेसलेल्या. 'तुझ्या आईला सांग, पाहुण्यांपुढं हसत राहा म्हणावं,' असा सकाळपासून चार वेळा निरोप गेलेला, म्हणून हसू कानापर्यंत ताणलेलं.

"घ्या ना," त्या म्हणाल्या.

गेनूअण्णांनी पुढं केलेला हात मागं घेतला. बाळाबाईनं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा कपाकडे.

"आदी तुमी घ्या, पाव्हनं."

आनंदरावांनी ऐटीत कप उचलला, ओठांशी नेला, आणि तिथंच थांबवला. त्यांना ते मीठ आठवलं. त्यांनी हळूच चहाचा वास घेतला.

झालं! सगुणाबाईंच्या तोंडावरचं हसू गळून पडलं.

"वास काय घेताय? इख घातलंय व्हय म्या? माझ्या आईचं घंगाळ मोडीत घातलंत, आन् ह्ये चिमनीला पानी पाजायचं कप आनलंत!"

"आन् त्या दिशी मीठ कुनी घातलं व्हतं?" हेडक्लार्कांची शुद्ध भाषा गळाली.

"म्या घातलं! आज बी घातलं असतं. पोरीच्या तोंडाकडं बघून साखर घातली!"

मग घंगाळापासून निघालेलं भांडण लग्नातल्या मानपानापर्यंत गेलं. सहा कप तसेच निवत होते. बाळाबाई उठून उभी राहिली. संपलं, प्रेरणाच्या मनात आलं. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

बाळाबाईनं टीव्ही बंद केला. मग वळून ट्रेमधला कप घेतला, बशीत ओतला आणि फुर्रर करून एका दमात संपवला.

"साखर बराबर हाय," ती म्हणाली. भांडणारी दोघं तिच्याकडे वळली. "त्या आदल्या दोन घरात समदी अशीच हसत व्हती, ह्या टीव्हीतल्यावानी. मला बाई भ्याच वाटलं. तसल्या घरची सून आनली आन् तिला राग आला, तर मला कळावं कसं? हितं मानसं भांडत्यात तरी. पोरगी पसंत हाय."

सगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "ऐकलंत का?" त्या थेट नवऱ्याला म्हणाल्या, पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच साध्या आवाजात. आनंदरावांनी घाईघाईनं चहाचा मोठा घोट घेतला.

बाळाबाई प्रेरणाकडे वळली. "पोरी, ह्यांना सांग, च्या प्या म्हनावं. साडेचारची यष्टी हाय."

गेनूअण्णा तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. ते आढ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, हिला सांग, मला बी घड्याळ दिसतंय."

प्रेरणानं चमकून बंडूकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"दिवाळीपासनं," तो पुटपुटला. "येकटा लई दमलो बगा."

प्रेरणानं पदर खोचला, मान सवयीनं डावीकडून उजवीकडं वळवली आणि म्हणाली, "मामा, आत्याबाई म्हणत्यात, चहा घ्या."

गेनूअण्णांनी कप उचलला.