खंडेरावांचं चोरीला गेलेलं नाव

"कोण का असेना, त्याला तुरुंगात नाही घातलं, तर नावाचा खंडेराव तिडके नाही!" खंडेरावांनी इंदिरानगरातल्या ओट्यावरून साऱ्या गल्लीला ऐकवलं.

"आता तेच तर सिद्ध करायचंय ना!" सिंधुबाई आतून म्हणाल्या. नवऱ्याला वेळेवर टोचणं हे त्यांचं व्रतच होतं.

झालं होतं असं. खंडेराव आपल्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स प्रसादासारख्या वाटायचे. गॅसवाला मागो, पतपेढी मागो, फोटो चिकटवून, सही ठोकून मोकळे! त्यातलीच एक उचलून पिंपळगावच्या कुण्या भामट्यानं त्यांच्या नावावर मोबाइल घेतला आणि 'मी खंडेराव तिडके बोलतोय' म्हणत फोनवर द्राक्षांची दलाली मांडली. खंडेराव सिमकार्ड घ्यायला गेले, तेव्हा हे उघडकीला आलं. "तुमचा नंबर आहेच की! बिल काय वेळेवर भरता हो!" म्हणत दुकानदार चक्क उठून उभा राहिला. एरवी खंडेरावांना पाहून दुकानदार शटर ओढायचे!

त्यात २००९ सालचा नवा कायदा पेपरात आलेला. मोबाइल-कॉम्प्युटरवर दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्याला तुरुंग, आणि ज्याची चोरली त्याला नुकसानभरपाई! हा शेवटचा शब्द वाचला आणि खंडेरावांची न्यायावरची श्रद्धा एकदम उफाळून आली. लेकीचं, सायलीचं लग्न ठरलं होतं. ओझरच्या रावजींनी घराण्याची चौकशी करून आपल्या मुलासाठी होकार कळवला होता. आता कार्यालयाचा खर्च परस्पर चोराच्या अंगावर!

नंबरावरून पोलिसांनी चोर शोधलाही. पुंजा नावाचा किडकिडीत माणूस. खंडेराव सिंधुबाईंना घेऊन ऐटीत ठाण्यात पोचले.

"तुमचं नुकसान काय झालं?" हवालदारांनी विचारलं.

"अब्रू गेली माझी!"

"कुठं गेली? पिंपळगावात विचारलं आम्ही. खंडेराव तिडके म्हणजे शब्दाचा पक्का, कुणाशी भांडण नाही, कुणाला टोपी नाही." हवालदार जरा खाकरले. "सातपूरला तुमच्या वर्कशॉपवर विचारलं, तिथं मात्र वेगळंच कळलं."

"माझं नाव बाजारात कवाच बुडालं होतं, साहेब," कोपऱ्यात बसवलेला पुंजा पुटपुटला. "म्हणून यांचं घेतलं. दुसऱ्याची वस्तू हाय म्हणल्यावर लय जपून वापरली!"

"उपकारच केलेस की रे!" खंडेराव कडाडले.

एवढ्यात रावजी धापा टाकत आत आले. "कुणी धरलं आमच्या व्याह्यांना? पिंपळगावात बोंब झाली, खंडेराव तिडक्यांना पोलिसांनी उचललं म्हणून! अहो, हवालदारसाहेब, तिथल्या बाजारात ज्याला विचारावं तो म्हणाला, डोळे झाकून त्यांची मुलगी करा. त्या नावावर तर सोयरीक केली आम्ही!"

खंडेरावांच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. 'बाजारात तुमचं नाव मोठं' असं रावजी मागं म्हणाले होते, तेव्हा त्यांनी नुसता मिशीवर ताव मारला होता. आपलं नाव पिंपळगावात पोचलंच कसं, असले प्रश्न थोर माणसांना पडत नाहीत.

सिंधुबाईंनी कोपरानं ढोसलं. "भरपाई गेली खड्ड्यात! पोरीचं लग्न मोडेल, बोला काहीतरी!"

"हा... हा माझा चुलतभाऊ, रावजी," खंडेराव चाचरले. "धंदा माझाच. माझ्या नावानं हा बघतो. मीच सांगितलं होतं त्याला."

पुंजानं आ वासला. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तक्रार खोटी? मग आता तुमच्यावरच केस करावी लागेल, तिडके!"

खंडेराव सिंधुबाईंकडं बघू लागले. शेवटी पुंजाच उठला. बसल्या जागी भाऊ मिळाल्यावर त्याच्या अंगात भलताच वडीलकीचा वारा शिरला होता. खंडेरावांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "या बारीला माफ करा यांना, साहेब. केस झाली तर बाजारात आपलं नाव खराब व्हईल. लय मेहनतीनं कमावलंय ते!"

रावजींचे डोळे पाणावले. "बघा, खंडेराव! घराण्याचं नाव कसं सांभाळावं, शिका जरा यांच्याकडून!"

"शिकतो," खंडेराव म्हणाले, आणि त्यांनी चोरापुढं हात जोडले.