नथूकाका आणि बारीकसं खोटं

आमच्या नथूकाकांना ‘आत्ताच जेवून आलो’ असं म्हणता येत नाही. तुम्ही आम्ही दिवसातून चारदा म्हणतो, त्यांच्या घशातून ते निघतच नाही. कुणी ऐन जेवणाच्या वेळी ‘या काका, बसा’ म्हटलं की ते दारातच उभे राहून खरं काय ते सांगतात. परवा देशमुखांच्या सुनेला म्हणाले, “जेवलो नाई जी. भूक लय लागली. पण तुमच्या इथं वांगं शिजून राह्यलं, अन् तुमचं वांगं मले आवडत नाई.” ती बिचारी हातात पळी घेऊन तशीच उभी!

नथूकाका म्हणजे नथानिएल मेश्राम. नाचणगावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मी इथल्याच शाळेत शिकवते आणि आमची चर्चची मंडळीही एकच, त्यामुळे रविवारी उपासनेत आणि उरलेले दिवस कंपाऊंडवरून, असा मला त्यांचा पुरवठा बारमाही आहे. काकांनी सारा जन्म जिनिंगच्या कारखान्यात काढला. कापसात किडकी, पिवळी पडलेली बोंडं येतात, त्यांना इकडे कवडी म्हणतात. ढिगातून कवडी वेचून काढायची हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण वेचणं काही संपलं नाही. आता ते माणसांच्या बोलण्यातली वेचतात. कुणी बारीकसं खोटं बोललं की काका शांतपणे म्हणणार, “कवडी हाये. काढा.”

एकदा मी फोनवर हेडमास्तरांना सांगत होते, “हो सर, निघालेच मी.” कंपाऊंडपलीकडून आवाज आला, “निघाल्या कुठं बाई? केस तं वले हायेत अजून.” हेडमास्तरांना ते स्वच्छ ऐकू गेलं. मी चिडले, चांगलीच चिडले. म्हटलं, “काका, एवढ्यानं काय देव नरकात टाकणारे मला?”

“मोठ्या पापाचं मले भेव नाई वाटत,” ते म्हणाले. “ते दाराले लाथ मारून येते, माणूस जागा होते, काठी घेते. बारकं पाप पाहुणा होऊन येते. दोन दिवस राह्यतो म्हणते. आपण चहा पाजतो. मंग एक दिवस पाहतो तं त्याचं नाव आपल्या राशन कार्डावर चढलं राह्यते!”

प्रार्थनासभेत तर काका म्हणजे कहरच. सुमनताई साक्ष देत होत्या, की त्या मरणाच्या दारात होत्या आणि प्रभूनं त्यांना उठवलं. काका म्हणाले, “ताई, सर्दी होती ना?” पास्टरसाहेबांनाही सोडलं नाही. ते एकदा भारावून म्हणाले, “मी रात्री जागून तुम्हा सर्वांसाठी प्रार्थना करतो.” काका तत्परतेनं म्हणाले, “करत असान साहेब, पण खिडकीतून आवाज तं मॅचचा येते.” त्या दिवशी सभेच्या शेवटचा आशीर्वाद जरा आखूडच झाला. तेव्हापासून ज्याच्या घरी सभा असते, तो आधी हळूच विचारतो, “नथूकाका येणार आहेत का?”

असा हा माणूस. आणि हाच माणूस दर रविवारी खोटं बोलत होता!

मार्थाकाकू गेल्यापासून काका एकटेच आहेत. एकुलती एक लेक एस्तेर पुण्याला दवाखान्यात नर्स आहे. उपासनेनंतर तिचा फोन येतो. काकांना फोनवरचं कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, आणि ते स्वतः अंगणात. सगळ्या गल्लीला बाप-लेकीचं बोलणं पाठ.

“बाबा, बरे आहात ना?”

“मस्त हाये बेटा! एकदम मजेत!”

“जेवलात?”

“मंग! वरण, भात, पोळ्या, भाजी. घरी सारखी माणसं येऊन राह्यली, जीवाले उसंत नाई.”

एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते. काकांच्या ओट्यावर चहाचा कप आणि अर्धा टोस्ट मला दिसत होता. अंगणातली चूल थंड. दारात चिटपाखरू नाही. अरे वा, सापडले! फोन बंद होताच मी ओरडले, “काका, कवडी! काढा!”

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. ओट्यावर बसले आणि हातातल्या फोनकडे पाहत राहिले.

“हिची माय गेली तवा ही नोकरी सोडून इकडे यायले निघाली होती,” ते म्हणाले. “म्हटलं, पोरीचं नुकसान काऊन करा? एक डाव खोटं बोललो. मले करमते म्हटलं, तू राह्य तिकडं. एकच डाव बोललो बाई. मंग दुसऱ्या रविवारी तेच खरं ठेवाले अजून एक बोलावं लागलं. आता तिले खरंच वाटते का बाप मजेत हाये. नाताळाले बी येत नाई आता. कोण्या मैत्रिणीची ड्युटी घेते. म्हणते, तिची माय एकटी हाये, माह्या बाबाले तं माणसंच माणसं.”

“मग सांगा की तिला खरं.”

“कोणत्या तोंडानं?” ते म्हणाले. “साऱ्या गावाच्या कवड्या वेचल्या म्या. लय आठवण येते हो तिची. दार वाजलं का वाटते, एस्तेरच आली. अन् दूधवाला राह्यते.”

मी आत जाऊन पोळी-भाजीचं ताट आणलं. ते मुकाट्यानं जेवले. भाजीला नावंही ठेवली नाहीत.

नाताळाच्या आधीची सभा काकांच्याच घरी ठरली. घर माणसांनी भरलेलं. पास्टरसाहेब प्रार्थनेच्या विनंत्या विचारत होते, कुणी परीक्षेचं सांगत होतं, कुणी गुडघ्यांचं. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी सवयीनं स्पीकर दाबला.

“बाबा, मी नाताळला ड्युटी घेतेय हं. तुम्ही बरे आहात ना?”

काकांनी तोंड उघडलं. “मस्त...” एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे नाही पाहिलं, कुणाकडेच नाही. खाली सतरंजीकडे पाहत होते.

“नाई बेटा. बरा नाई मी.”

“काय झालं? ताप आहे? बीपी वाढलं?”

“तसं काई नाई. तुयी आठवण येते. तुयी माय गेली तवापासून येऊन राह्यली. मी तुले दर रविवारी खोटं सांगतलं. मले नाई करमत माय, अजिबात नाई करमत.”

मग पुण्यात राहून शहरी बोलायला शिकलेली ती एस्तेर रडत रडत म्हणाली, “मले काऊन नाई सांगतलं जी बाबा? मी तं रोज इकडे रडतो. मले वाटे, तुमाले माह्यी गरजच नाई.”

“येजो बेटा नाताळाले,” काका म्हणाले. सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला. पास्टरसाहेब प्रार्थना करायला उभे राहिले आणि काही न बोलताच परत खाली बसले.

आज एस्तेर येणार आहे. पुलगावला तिची गाडी संध्याकाळी लागते, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. तरी सकाळपासून ते फाटकाशी उभे आहेत, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. मी म्हटलं, “काका, ऊन चढलंय. आत बसा की थोडं.”

“घरात बसवत नाई बाई,” ते म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.