हवानवीस अंताजीपंत आणि बुरुजावरील वस्त्रे

श्रीवायुदेव प्रसन्न असो. शके सतराशे एकाहत्तर, धूम्रनाम संवत्सरे, एका राजधानीची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली. थोरल्या महाराजांनी नगरात शंभर भट्ट्या घातल्या, आणि हवा बिघडो नये म्हणोन एकाच ताग्याची दोन शुभ्र वस्त्रे बुरुजावर टांगविली, एक नमुन्याचे, दुसरे परीक्षेचे, आणि हुकूम केला की दोन्हींस पाणी लावू नये, परीक्षेचे वस्त्र नमुन्याहून काळे दिसेल ते दिवशी भट्ट्या विझवाव्या. मग अंताजीपंत हवानवीस रोज बुरुज चढोन पाहत आणि दफ्तरी लिहीत, "तिळमात्र फरक नाही." ऐसी तीस वर्षे जाहली, आणि दोन्ही वस्त्रे तव्याच्या बुडाऐसी जाहली, आणि फरक तिळमात्र नाही!

पंतांची बायको सगुणाबाई खोकोन खोकोन काडी जाहली. एके दिवशी तिने पेटीतून त्याच ताग्याचा उरला तुकडा काढिला, तो दुधासारखा पांढरा, आणि बोलिली, "अहो, डोळे आहेत का भोकं? हे बघा आणि ते बघा!" पंतांनी तुकडा हाती धरोन बुरुजाकडे पाहिले. "अगं, माझ्याच हाताने मी तुझा गळा दाबला गं," म्हणोन रडले, आणि मग तुकडा घेऊन दरबारी धावले.

दरबारी रीत ऐसी की महाराज खोकण्याआधी कोणी खोकू नये. महाराज खोकले, मग मानाप्रमाणे सर्व खोकले, मग पंत बोलिले, "महाराज, भट्ट्या विझवाव्या. माझी बायको मरते." दिवाणजींनी तिन्ही वस्त्रे मागविली आणि बोलिले, "पंत, दोघे एक सांगतात, हा एकटाच निराळा. मग लबाड कोण? पेटीत कोंडल्याने बिचारा पांढरा पडला आहे. यास बुरुजावर मोकळी हवा द्यावी." सभा वाहवा बोलिली.  पंतांची तीस वर्षांची चाकरी, काय करितात? आपल्याच हाताने तुकडा टांगिला.

सहा महिन्यांत तुकडा काळा ठिक्कर जाहला. वस्त्र बरे जाहले म्हणोन महाराजांनी हत्तीवरून साखर वाटिली. ते दिवशीच सगुणाबाई वारल्या.

येणेप्रमाणे त्या राज्यात हवा कधी बिघडली नाही आणि भट्टी एकही विझली नाही. पंतांनी क्रियाकर्म उरकोन बुरुज चढिला, तिन्ही वस्त्रे पाहिली, आणि तीस वर्षांत प्रथमच दफ्तरी निराळे लिहिले, "आज फरक आहे. घरात खोकला ऐकू येत नाही."