इंगळेबाईंची नायिका

स्टाफरूममधला पंखा सुरू झाला की इंगळेबाई आपला डावा हात काढतात आणि हजेरीपटावर ठेवतात. कागद उडू नयेत म्हणून. हात कोपराखालून पट्ट्यासकट सुटतो आणि टेबलावर पालथा पडून राहतो. नव्याने रुजू झालेले एक सर ते पाहून चहाच्या कपासकट उभे राहिले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "बसा सर. हे काही बोलत नाहीत."

"हे" म्हणजे तो हात. बाईंचं लग्न झालेलं नाही. पण आम्ही बाकीच्या जशा नवऱ्याबद्दल बोलतो, तशा त्या हाताबद्दल बोलतात. त्याला कारण आहे. तो हात पुरुषाचा आहे. कॉलेजात असताना परतवाड्याच्या एसटीत खिडकीबाहेर राहिलेला त्यांचा हात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकने नेला. पुढे एका मोफत शिबिरात जो हात मिळाला तो होता भलामोठा आणि गोरापान. बायकांच्या मापाचे आलेच नव्हते. नंतर दोनदा बदलला, तरी दर वेळी "लेडीज मागवावा लागेल" हेच उत्तर. "यायले बांगडी चढत नाही, रंगही जुळत नाही," बाई म्हणतात, "पन संसार चालू आहे."

आमच्या अकोल्याच्या ज्युनिअर कॉलेजात बाई फिजिक्स शिकवतात. मी मराठी शिकवते, म्हणजे प्राचार्यांच्या मते काहीच शिकवत नाही. दिवाळी अंक माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या विज्ञानकथा बाई आधी नेतात. सगळ्या नाही. ज्यांत अर्धी बाई आणि अर्धं यंत्र असेल, पुस्तकी भाषेत सायबॉर्ग, तेवढ्याच. लोक स्थळांची माहिती काढतात तशी बाई या नायिकांची चौकशी करतात. ही झोपताना हात काढून कुठे ठेवते? हिला घामोळं येतं का? मे महिन्यात अकोल्यात प्लास्टिकच्या खोळीत उरलेला हात घालून फिरणाऱ्या माणसाचे हे प्रश्न आहेत. लेखकांना ते कधी पडलेले नाहीत.

एकदा अंक माझ्या टेबलावर आपटून त्यांनी निकालच दिला. "मानसाले लोखंडी हात लागला तं त्याची ताकद वाढते. बाईले लागला तं तिची फिगर."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. या सगळ्या नायिका बावीस-तेविशीच्या कशा, सगळ्या एखाद्या दुःखी शास्त्रज्ञानेच कशा बनवलेल्या, आणि शेवटी एक तर त्याच्यासाठी मरतात नाही तर त्याला मारतात, मधलं काहीच कसं करत नाहीत, हे त्यांनी मला तासाची घंटा होईपर्यंत ऐकवलं. आणि म्हणे जो तो त्यांच्या प्रेमात पडतो. "मले हात लागला," त्या म्हणाल्या, "तं होती तेवढी स्थळं बंद झाली."

त्या उन्हाळ्यात बाईंनी स्वतःच गोष्ट लिहिली. मला वाचायला दिली नाही. छापून आल्यावर वाच म्हणाल्या. अमरावतीच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला की गोष्ट घेतली आहे, किरकोळ बदल सुचवू. बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कशाचे पेढे वाटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या आयुष्यात वाटण्यासारखं काही झालंच नव्हतं. प्राचार्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "जमलं का मग कुठं?" बाईंची पन्नाशी उलटलेली. मला प्राचार्यांच्या हातातला उरलेला पेढा काढून घ्यावासा वाटला.

किरकोळ बदल फोनवर येऊ लागले. नायिका बावन्न वर्षांची होती, ती चाळिशीची करा. बाईंनी केली. नाव शांताबाई होतं, ते जरा आधुनिक करा. तेही केलं. शेवटी एक स्फोट घाला. भौतिकशास्त्राच्या सगळ्या नियमांविरुद्ध बाईंनी अवकाशात दणदणीत आवाजाचा स्फोट घातला. कुणापुढे न वाकणारी ही बाई त्या माणसाचं इतकं ऐकतेय हे मला बघवेना. पण त्यांना ती गोष्ट छापून यायलाच हवी होती, आणि तसं त्या उघड बोलूनही दाखवत होत्या.

मग संपादकांनी भेटायला बोलावलं. मी सोबत गेले. गृहस्थ गोड होते. दर वाक्याला "ताई" म्हणत होते. त्यांनी आधी चित्र दाखवलं. कंबर मुठीत मावेल अशी गोरी पोरगी, आणि लोखंडाच्या बोटांना लाल नेलपॉलिश. बाईंनी चित्र लांब धरून पाहिलं आणि ही कोण म्हणून विचारलं. "तुमचीच नायिका, ताई." बाई म्हणाल्या, हिले आधी जेवू घाला. तरीही चित्र त्यांनी चालवून घेतलं.

"आता एकच," संपादक म्हणाले. "ते खाजेचं पान काढू. त्यात काही घडत नाही, आणि वाचकाला जरा किळसवाणं वाटतं."

बाईंनी चित्र टेबलावर परत ठेवलं. मग म्हणाल्या, "बाकी सारं तुमचं ठेवा. ते पान राहू द्या."

"ताई, त्या पानासकट नाही जमणार."

"ते काढता येत असतं तं मी गोष्ट काहून लिवली असती?" बाईंनी टेबलावरून कागद ओढले, एका हाताने पिशवीत कोंबले आणि उठल्या. गृहस्थांनी चहा घेऊन जायचा आग्रह केला. आम्ही घेतला नाही.

परतीच्या एसटीत बाईंनी ते पान माझ्या हातात दिलं. खिडकीशी मी होते. त्या खिडकीशी कधीच बसत नाहीत. शांताबाई, मग तिचं नवं नाव काहीही असो, पृथ्वीपासून फार दूर एका यानात आहे. संध्याकाळी ती सोबत्याला सांगते की माझा तळवा खाजतोय, जो आता नाही तो. यंत्रं सांगतात, काही नाही. सोबती तिचा प्रियकर नाही, शास्त्रज्ञही नाही. तो जेवणाचं ताट बाजूला सारतो आणि तिचा लोखंडी तळवा खाजवतो, ती बस म्हणेपर्यंत. तेवढंच आहे त्या पानात.

बडनेरा गेल्यावर मी विचारलं, "खरंच खाजतो?"

"रोज."

"मग काय करता?"

"आई होती तं तिले सांगू. थे खाजवून दे, या प्लास्टिकवरच. तिले म्हाईत होतं का उपयोग नाही. पन खाजवे बिचारी, आन् मले बरं वाटे." बाई समोरच्या सीटकडे बघत होत्या. "आता आई नाही. कोनाले सांगू? लोक म्हनतीन पागल झाली."

मला रडू आलं, आणि त्या संपादकाचा संताप आला. गोष्ट आता छापून येणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. तो मोठा गोरा हात त्यांच्या मांडीवर पडला होता. मी तो उलटा केला आणि तळव्यावर नखं फिरवू लागले. तिकिटाला आलेला कंडक्टर बघत उभा राहिला. बाईंनी उजव्या हाताने त्याला तिकिटं दाखवली आणि डोळे मिटून घेतले.

"जरा खाली," त्या म्हणाल्या. "अंगठ्यापाशी."