टेपवरची किरकिर

जरा डोळे मिटा. कल्पना करा, की संगणक हा शब्द तुम्ही कधी ऐकलेलाच नाही. तुमच्या घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू म्हणजे दिवे आणि एक टेपरेकॉर्डर, बस्स. अशा घरी तुमचा काका विलायतेहून एक पांढरी पेटी घेऊन येतो, घराच्या पुढच्या सोप्यातल्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "हिला तुझं नाव सांग. ही ते लिहून दाखवंल."

आलं डोळ्यांसमोर? मग तुम्ही आता बनूच्या जागी बसला आहात. उघडा डोळे.

ही एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शिरवळपासून थोड्या अंतरावर, नीरेच्या काठी एक लहानशी वाडी होती. बनू तिथं राहायची. चौथी पास होऊन ती पाचवीत जाणार होती. पाचवीत इंग्रजी सुरू होई. पण बनूला तोवर धीर नव्हता. पेटीला मराठी येत नाही असं काकानं सांगितल्यावर तिनं त्याच्याकडून आपल्या नावापुरती अक्षरं मागून घेतली. बी, ए, एन, यू. मग ती खडूनं दारावर लिहिली, कोळशानं ओट्यावर लिहिली, ओल्या बोटानं म्हशीच्या पाठीवरसुद्धा लिहिली. म्हशीनं शेपटीनं ती पुसून टाकली, तेव्हा बनूनं ती पुन्हा लिहिली. पेटीवरच्या कळा दाबून आपलं नाव आपणच घालायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि काका उद्या सकाळच्या एसटीनं निघणार होता, पेटी घेऊन.

काकाचं नाव लालासाहेब. आधी सांगलीला शिकला, मग विलायतेत एका कारखान्यात नोकरीला लागला. ती पेटी त्यानं तिकडं सुटे भाग आणून स्वतः जोडली होती. खाली टंकयंत्रासारख्या कळा, शेजारी ताटाएवढा काचेचा पडदा. पण पेटीचं एक विचित्र होतं. वीज गेली की तिला शिकवलेलं सगळं ती विसरायची. म्हणून काकानं तिचा धडा एका कॅसेटवर भरून ठेवला होता. टेपरेकॉर्डरची वायर पेटीला जोडायची, कॅसेट लावायची, की पेटी धडा ऐकायची, शिकायची आणि मग विचारायची, तुझं नाव काय?

काका आला त्याच संध्याकाळी त्यानं वायर जोडण्याआधी ती कॅसेट घरच्यांना नुसतीच ऐकवली होती. गाणं नाही, बोलणं नाही. किर्रर्र, ट्रिर्रर्र, मध्येच शिट्टी, पुन्हा किर्रर्र. बनू तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. हा आवाज आपल्याला कळत नाही, पण त्या पेटीला कळतो, हे तिला फार मोठं वाटलं. तिच्या आजीला, तानुबाईंना, मात्र दया आली. "पोटात कळ आल्यागत वरडतंय," त्या म्हणाल्या. "ओवा चारा त्येला." काकानं वायर लावायला घेतली आणि नेमकी लाईट गेली. पुढं पाहुण्यांकडं जाण्यात त्याची सुट्टी सरली, आणि आता ही शेवटची संध्याकाळ उरली होती.

दिवस मावळायच्या आत सोपा भरून गेला. आळीतल्या बायका पोरं कडेवर घेऊन आल्या. काकानं पेटी सुरू केली, पडदा उजळला, कॅसेट लावली, वायर खोचली. टेपची चाकं फिरू लागली. वायर खोचली की टेपचा आवाज बाहेर येत नसे, सगळा पेटीच्याच कानात जाई. त्यामुळं सोप्यात चिडीचूप झालं. पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकत होता. तो नुसताच लुकलुकत राहिला.

काकानं टेप मागं नेली, पुन्हा लावली. ठिपका पुन्हा तसाच.

"झोपली व्हय ती?" कोणीतरी विचारलं.

काका रागावला नाही. त्यानं बनूला जवळ बसवून घेतलं. "हे बघ, बिघाड हुडकायचा म्हंजी एकदम आरडाओरडा करायचा न्हाई. एकेकाच्या दारात जायाचं आन् इचारायचं, तू हाईस का? सोप्या दारापासनं सुरुवात करायची. समद्यात सोपं दार कंचं?"

"वायर," बनू म्हणाली.

दोघांनी वायरीची दोन्ही टोकं काढली, पुसली, पुन्हा बसवली. वायर निर्दोष निघाली. पुढचं दार कळांचं. तिथं मात्र काकाला बरंच काही सापडलं. नवं यंत्र घरात आलं की त्याची पूजा करायची, हा तानुबाईंचा नेम होता. शिलाईचं मशीन आलं तेव्हा केली, सायकल आली तेव्हा केली, मग विलायती पेटीनं काय पाप केलं होतं? काल काका घरी नसताना त्यांनी पेटीला हळदकुंकू लावून वर अक्षता वाहिल्या होत्या. काकानं पेटी अलगद उलटी धरली तर कळांच्या फटींतून तांदळाचे दाणे टपटप गळायला लागले. कोंबडी धावत आली. एक दाणा अडकून बसला होता, तो बनूनं केसातल्या आकड्यानं काढला. पेटी सुलटी केली. काकानं टेप पुन्हा लावली.

ठिपका लुकलुकला. पुढं काही नाही.

मग आवाजाचं बटण. आवाज फार लहान असेल तर पेटीला ऐकू येत नाही आणि फार मोठा असेल तर ती गोंधळते, असं काका म्हणाला. बनूनं बटण केसभर फिरवायचं, काकानं पडद्याकडं बघायचं, असं कितीतरी वेळ चाललं. मग टेपरेकॉर्डरचं टेप वाचणारं आतलं डोकं मळलं असेल म्हणून कापसाचा बोळा झाला. स्पिरिट हवं होतं, ते मिळेना. तानुबाईंनी अत्तराचा फाया काढून दिला. टेपरेकॉर्डरला लग्नघरासारखा वास येऊ लागला. ठिपका मात्र तसाच.

इतक्यात काकानं वर पाहिलं. छतातला दिवा विझत्या निखाऱ्यासारखा तांबडा दिसत होता.

"सापडला," तो म्हणाला. "मोटर चालू हाय नदीवर."

वाडीची पाण्याची मोटर सामाईक होती. ती सुरू झाली की घराघरातले दिवे असे लाल पडायचे. वीज कमी पडली की टेपची चाकं जड फिरतात, धडा रेंगाळत जातो आणि पेटीला उमगत नाही. काकानं असं समजावलं आणि ते सगळ्यांना पटलं. पण मोटर बंद करायची कशी? आज पाळी कोंडीबांची होती, आणि पाळीचं पाणी सोडणं म्हणजे पानावरून उठण्यासारखं. कोंडीबा म्हणजे गावातला कडक म्हातारा. उसाच्या सरीत कोणाचं कोकरू शिरलं तरी मालकाला सात पिढ्यांसकट ऐकवणारा.

बनू कोणाला न सांगता पळाली. ती कोंडीबांना काय म्हणाली कोण जाणे. थोड्या वेळानं दिवा फडफडला आणि पांढरा लख्ख झाला, आणि बनूच्या मागोमाग चिखलानं भरलेले पाय घेऊन कोंडीबा स्वतः सोप्यात आले. खांबाला टेकून बसले, चंची सोडली आणि पान लावायला घेतलं.

"लाला, ह्यो इडा माझ्या तोंडात हाय तवर मोटर बंद. इडा सपला की मी चाललो. ऊस काय तुझ्या पेटीसाठी थांबणार न्हाई, गड्या."

काकानं घाईघाईनं टेप मागं नेली आणि लावली. दिवा लख्ख, वायर पक्की, कळा स्वच्छ, डोकं सुगंधी. ठिपका लुकलुकला. लुकलुकत राहिला.  बनू कळांपाशी सरकून बसली होती. चार अक्षरं तिच्या बोटांत तयार होती आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं.

त्या वेळी तानुबाई चहाची किटली घेऊन आल्या. माणसांतून वाट काढताना त्यांचा पाय वायरीत अडकला, वायर टेपरेकॉर्डरमधून निसटली, आणि कोंडलेला आवाज मोकळा झाला. पेटीच्या दिशेनं तानुबाईंचाच आवाज खणखणीत बोलू लागला.

"आकाराम, बाळा, आमी समदी खुशाल हाय. म्हस याली. रेडी झाली. तू कानाला बांधत जा, तिकडं थंडी लय."

किटली तानुबाईंच्या हातातच थिजली. बायकांनी पोरं छातीशी धरली. कोंडीबांचं चघळणं थांबलं.

"आगं बया," तानुबाई हळूच म्हणाल्या. "ही तर माझ्यावानी बोलतीया. माझी रेडी हिला कुणी सांगितली?"

"म्हातारी पाठ केली की हिनं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि एका माणसानं पेटीला चक्क हात जोडले.

फक्त काका खाली बसला, डोक्याला हात लावून. त्याला सगळं एकदम कळलं होतं. तुम्हांलाही सांगतो.

बनूचे वडील आकाराम, म्हणजे तिचे आबा, फौजेत हवालदार. ते लडाखला होते. या घरात पत्र लिहायची पद्धत नव्हती. सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून आळीपाळीनं बोलत आणि ती कॅसेट पाठवत. त्याच पलटणीतला मानसिंग सुट्टी संपवून आजच सकाळी निघाला होता आणि कॅसेट घेऊन गेला होता. काल पूजा करताना तानुबाईंनी लेकाची कॅसेट देवापुढं ठेवली आणि यंत्राचीही ठेवली. दोन्हींवर हळदीकुंकवाची बोटं अशी ओढली की वरच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर झाकून गेलं. दोन्ही सारख्याच लालपिवळ्या. त्यातली एक त्यांनी मानसिंगच्या हाती दिली.

"म्हंजी माझ्या आकारामला काय पोचंल?" तानुबाईंनी विचारलं.

"किरकिर," काका म्हणाला.

मग तो बनूकडं वळला. आपण वायरीला विचारलं, कळांना विचारलं, विजेला विचारलं; पण टेपच्या दारात गेलोच नाही, कारण ती मी स्वतः भरलेली होती, असं त्यानं तिला सांगून टाकलं. बनूला त्याचं काही वाटलं नाही. ती कोंडीबांच्या तोंडाकडं बघत होती. ते अजून हलत होतं.

"काका, धडा गेला, पण धडा लिवणारा हाय की हितं," ती म्हणाली. "परत शिकवा तिला."

काकानं मनातल्या मनात हिशेब केला. टेपवरचा धडा लांबलचक होता, त्यात चौकटी होत्या, नक्षी होती. तेवढं सगळं बसल्या बैठकीला आठवणं शक्य नव्हतं. पण नाव विचारायचं आणि तेच लिहीत सुटायचं, एवढं तो हातानं शिकवू शकत होता. तो कळा बडवू लागला. दोनदा चुकला, दोनदा पेटीनं त्याला चूक दाखवली.  शेवटी तो बाजूला सरकला आणि बनूला पुढं घेतलं.

पडद्यावर एक ओळ उमटली होती. ती इंग्रजीत होती, पण बनूला वाचायची गरज पडली नाही. तिनं बोट पुढं केलं. बी. अक्षर पडद्यावर उजळलं. ए. एन. शेवटची कळ तिला लवकर दिसेना. सगळा सोपा तिच्याबरोबर शोधू लागला, इंग्रजी न येणारेसुद्धा. यू. काकानं दाखवलेली मोठी कळ तिनं दाबली.

आणि पडदा तिच्या नावानं भरत गेला. एका ओळीत नाव, तिच्याखाली नाव, तिच्याखाली नाव. खालून नवी नावं येत होती आणि जुनी वर सरकून नाहीशी होत होती, तरी संपत नव्हती. नीरेला पूर आल्यावर काठावर उभं राहून माणसं जशी नुसती बघतात, तशी सगळी बघत होती. तानुबाईंनी पडद्याजवळ हात नेला आणि न लावता मागं घेतला. आपल्या नातीचं नाव इतकं असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

किती वेळ गेला कोणाला समजलं नाही. मग काकाला मोटरीची आठवण झाली. त्यानं ओशाळून कोंडीबांना विचारलं, विडा संपला का? कोंडीबा तोंड हलवतच होते. पण त्यांच्याजवळ बसलेल्या पोराला कधीचं दिसत होतं, की ओठ कोरडे होते आणि तोंडात काहीही नव्हतं.

"सपला वाटतं आत्ताच," कोंडीबा म्हणाले, आणि धोतर झटकून उठले.

मोटर सुरू होण्याआधी काकानं एक काम केलं. तानुबाईंच्या आवाजाची कॅसेट उलटी करून लावली आणि पेटीला आत्ता शिकवलेला धडा, बनूच्या नावासकट, त्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतला. "आता ऐक," तो म्हणाला, आणि त्यानं वायर काढून टेप वाजवली. किर्रर्र, ट्रिर्रर्र, मध्येच शिट्टी, आणि संपलं.

"ह्यात तू हाईस," काका म्हणाला.

बनूनं ते पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा, कान टेपरेकॉर्डरला लावून. नदीकडून मोटरीची घरघर आली. दिवा क्षणभर विझला आणि तांबडा झाला, पडद्यावरची सगळी नावं आत आत ओढली गेली आणि विझली. बनू रडेल असं काकाला वाटलं. सोपा रिकामा होऊ लागला. तानुबाई अजून हळहळत होत्या, की लेक एवढ्या लांब, आणि त्याच्या कानात नुसती किरकिर पडायची.

बनूनं कॅसेट पुन्हा सुलटी केली. आजीचं बोलणं संपेपर्यंत टेप पुढं नेली, आवाज भरायची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि तोंड अगदी जवळ नेलं.

"आबा," ती म्हणाली, "मानसिंगकाका चुकून दुसरीच टेप घिऊन आलाय, ती टाकू नका, काकाची हाय. आन् ही उलटी करून लावली की हिच्यावरबी किरकिर ऐकू यील. घाबरू नका. ती मी हाय."