हवेच्या वाटेतली खुर्ची

श्रावणापासून मी इचलकरंजीच्या मगदूम सायझिंगमध्ये बॉयलरचा एअर फिल्टर म्हणून बसतो.

सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावण्याचा कारखाना. खळ शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि बॉयलरला हवा लागते. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. मालक सुकुमार मगदूम यांनी जुना बॉयलर काढून कमी इंधनात जास्त वाफ देणारा नवा बॉयलर घेतला, तेव्हा सल्ला माझाच होता. जुना काहीही गिळायचा. नव्याच्या बर्नरमधल्या वाटा सुईच्या नेढ्याएवढ्या. कारखान्याच्या हवेत सुताचे तूस सतत तरंगत असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बर्नर चोंदला. कागदाचे फिल्टर लावले तर ते दुपारपर्यंत गादीसारखे फुगायचे. जाळीचे लावले तर तूस आरपार जायचे. मी सगळा जन्म उष्णता-अभियांत्रिकी शिकवण्यात घालवला आहे, ज्वलनावर माझा प्रबंध आहे, तरी मला उत्तर सुचेना. शेवटी बैठकीत मी म्हणालो, "असा फिल्टर पाहिजे की जो तूस अडवेल, हवा सोडेल, आणि चोंदला की आपला आपण शिंकरून मोकळा होईल."

सगळे माझ्या नाकाकडे पाहू लागले.

"आमची नाकं काय कामाची न्हाईत सर," बॉयलर सांभाळणारा रजाक मुल्लाणी म्हणाला. "लहानपणापास्नं भरल्यात. तुमचं कोरं हाय. पुस्तकाच्या भाईर कधी काढलंच न्हाई तुम्ही ते."

"रजाक, सरांशी नीट बोल," मगदूम म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण त्याचा मुद्दा बरोबर हाय, सर."

मला धक्का बसला. पण विरोध करायला मुद्दा सापडेना, आणि सापडला असता तरी तो बरोबर आहे याची मला खात्री नसती.

बॉयलर पुरवणाऱ्या कंपनीकडून मृणाल केळुसकर नावाच्या तरुण अभियंता आल्या. त्यांनी माझ्या दोन्ही नाकपुड्यांचा व्यास मोजला. "डावीकडे थोडा बाक आहे," त्या म्हणाल्या, "पण चालेल." बॉयलरच्या पाठीमागे पत्र्याची एक अरुंद खोली बांधण्यात आली. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला बर्नरचे तोंड, मध्ये खुर्ची. खिडकीतून येणारी हवा मी नाकाने आत घ्यायची आणि तोंडाने बर्नरकडे सोडायची.

"सोडलेल्या श्वासात प्राणवायू कमी असतो," मी म्हणालो. "ज्योत मंदावेल. शिवाय एवढ्या मोठ्या बॉयलरला एका माणसाचा श्वास कसा पुरेल?"

"मोजून पाहू," केळुसकर म्हणाल्या.

मोजले. ज्योत निळी, स्वच्छ आणि स्थिर होती. इंधनाची बचत कंपनीने कबूल केली होती त्याहून जास्त निघाली.

"हे अशक्य आहे," मी म्हणालो.

"होय सर. पण मर्यादेत आहे."

घरी येऊन मी गणित पुन्हा पुन्हा केले. दर वेळी माझा श्वास अपुरा पडत होता. ज्योत मात्र रोज जळत होती. माझेच कुठेतरी चुकत असणार असे धरून मी वही मिटली.

संध्याकाळी बॉयलर थंड झाला की मी घरी जायचो. कंपनीच्या माहितीपुस्तकात लिहिल्याप्रमाणे माझी पत्नी कालिंदी मला अंगणात उभे करून हलक्या हाताने पाठीवर थोपटायची आणि मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायला लावायची. "इतकी वर्षं ते नाक नुसतं घोरायला वापरलंत," ती म्हणायची. "मार्गी लागलं एकदाचं." निवृत्तीनंतर इतक्या समाधानाने मला कोणी घरात घेतले नव्हते. खरे तर त्याआधीही नाही.

भाद्रपदात अडचण सुरू झाली. खोलीच्या भिंतीवर काचेची एक वाकडी नळी बसवलेली आहे. तिच्यात निळे पाणी असते. फिल्टर चोंदून हवा अडली की पाणी वर चढते, आणि तांबड्या खुणेच्या वर गेले की फिल्टर बाद. एरवी पाणी तळाशी असायचे. पण केळुसकर पेन्सिल घेऊन नळीसमोर उभ्या राहिल्या की ते चढू लागायचे. तिसऱ्या तपासणीला ते खुणेच्या वर गेले आणि बर्नर विझला.

"फिल्टर संपला," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला मी बदली घेऊन येते."

"आणि मी?"

"वापरलेला फिल्टर कंपनी गोदामात नेते, सर."

"घरी नाही?"

"घरगुती कामाला परत देता येत नाही. त्यात तूस असतं, पेट घेऊ शकतं. नियम आहे."

मी मगदूमांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. "गॅरंटी जाईल, सर," ते हळूच म्हणाले.

मी घरी काही बोललो नाही. त्या रात्री कालिंदीने भाजीत मीठ जास्त घातले होते आणि मी तीनदा वाढून घेतली. तिला संशय यायला तेवढे पुरले असावे.

खंडेनवमीला कारखाना बंद असतो. हत्यारे धुऊन मांडतात. मगदूमांच्या पत्नी पद्मावतीबाईंनी पान्यांना, हातोड्यांना, पंपाला हळदकुंकू लावले, बॉयलरला झेंडूची माळ घातली, मग माझ्या खुर्चीपाशी येऊन माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि गळ्यात एक लहान माळ घातली. कालिंदी पूजेला आली होती. ती कौतुकाने पाहत होती. तेवढ्यात फाटकातून टेम्पो आत आला. पुढे केळुसकर. मागे एका खोक्यावर रुंद छातीचे एक गायनशिक्षक चहा पीत बसले होते. शेजारचे दुसरे खोके पेंढा भरून रिकामे ठेवले होते.

"मॅडम, आज न्हाई," मगदूम म्हणाले. "कुंकू लागलेलं हत्यार आज जागचं हलवत न्हाईत."

केळुसकरांनी विचार केला. "मग उद्या."

"उद्या चालतंय. मुहूर्तावर बॉयलर पेटवायचाच हाय."

"कुणाला हलवायचंय?" कालिंदीने विचारले.

रजाकने तिला सांगितले. ती माझ्याकडे आली.

"अहो, हे मला कोण सांगणार होतं?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? पेंढ्यातून?"

कालिंदीने माझ्या गळ्यातली माळ सरळ केली आणि म्हणाली, "उद्या मी येते बरोबर."

दसऱ्याला ती आली. तिने एक स्टूल ओढून माझ्या पुढ्यात, खिडकीच्या बाजूला ठेवले आणि त्यावर बसली. रजाकने नारळ फोडला, बॉयलर पेटवला. केळुसकर नळीसमोर उभ्या राहिल्या. पाणी हलले आणि चढू लागले. बाहेर गायनशिक्षक घसा साफ करत होते.

"बाई, तुम्ही जरा तिकडे तोंड करा," कालिंदी म्हणाली. "कुणी परीक्षा घ्यायला लागलं की हे श्वास धरतात. मला बघायला आले होते, तेव्हा माझ्या वडिलांनी यांना नाव विचारलं, तर हे निळे पडले. शेवटी यांच्या काकांनी सांगितलं नाव."

"असं काही नाही," असे मला म्हणायचे होते. पण श्वास धरलेला होता.

पाणी खुणेला टेकले.

"अहो," कालिंदी म्हणाली, "निघताना गॅस बंद केलात ना?"

"अगं, मी तर..." आणि माझ्या छातीतली सगळी हवा एकदम बाहेर पडली. ज्योत हुंकारली. पाणी तळाला गेले.

केळुसकरांनी नळीवर पेन्सिलीने टिचकी मारून पाहिली. "फिल्टर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण एकटा चालत नाही. यांनाही इथेच बसवावं लागेल."

"आता घरी तरी मी काय करते?" कालिंदी म्हणाली. "बसते की."

"मुख्य फिल्टरच्या आधी, खिडकीकडे जो बसतो त्याला आम्ही प्री-फिल्टर म्हणतो. यांची तशी नोंद करते."

मगदूमांनी सगळ्यांना आपट्याची पाने वाटली. गायनशिक्षकांना पेढे देऊन परत पाठवले. रजाक म्हणाला, "काकू, आता सरांचं नाक तुमच्या ताब्यात." सगळे हसले. मी हसलो नाही. मला असा धक्का बसला होता की हातातले आपट्याचे पान मी खाल्ले.

कारण हा धडा मी अनेक वर्षे शिकवला आहे. जाड धूळ आधी प्री-फिल्टर घेतो, म्हणजे मुख्य फिल्टर टिकतो. त्यासाठीच तो असतो. आणि म्हणून तो आधी संपतो.

मी केळुसकरांना टेम्पोपाशी गाठले. "प्री-फिल्टर केव्हा बदलतात?"

"संक्रांतीला."

"तेही गोदाम..."

"तेच, सर." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "आम्ही नाव पाहत नाही. खिडकीकडे कोण बसलंय तेवढंच पाहतो."

दुसऱ्या दिवशी कालिंदी रजाकच्या बायकोशी बोलत दारात थांबली होती, तेवढ्यात मी आत जाऊन माझी खुर्ची खिडकीशी लावली आणि तिचे स्टूल मागे, बर्नरकडे सरकवले.

"खिडकी तुम्हालाच का?" ती आत येऊन म्हणाली.

"हवा बरी लागते."

"म्हातारपणी एकेक हट्ट बघा," असे म्हणून ती माझ्या मागे बसली आणि लसूण सोलू लागली.

रजाकने बर्नर चालू केला. खिडकीतून तूस येऊ लागले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "अहो, दाराला कुलूप लावलंत ना?"

मी खिडकीकडे तोंड करून जेवढे तूस घेता येईल तेवढे आत घेतले. मग म्हणालो, "लावलं."